घरचा कुत्रा रुग्णभेटीला न्यायचा असेल तर

नाशिकहून एका ताईंचा प्रश्न आला आहे, थोडक्यात असा: 'आमचा लॅब (लॅब्राडॉर) 4 वर्षांचा आहे, स्वभावाने अगदी गरीब. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात तो त्यांच्या खाटेजवळून हलला नाही. आता त्याला घेऊन दवाखान्यातल्या पेशंटना भेटायला जावं असं मनात आहे. परवानगी मिळते का, त्याला काय शिकवावं लागेल, आणि याचा खरंच उपयोग होतो का?'

ताई, उपयोग होतो, आणि तुमच्यासारख्या घरच्या माणसानेच हे काम करावं असं मला मनापासून वाटतं. पण तो सासऱ्यांजवळ बसून राहिला म्हणजे वॉर्डातही रमेल, असं धरून चालू नका. सासरे त्याचे होते. त्यांचा वास, आवाज, खोकला सगळं त्याच्या ओळखीचं होतं. वॉर्डातला माणूस परका असतो, फिनेलचा उग्र वास असतो, चाकांच्या खाटा आणि ट्रॉल्या खडखडत जवळून जातात, आणि हात लावायला येणारा माणूस कधी थरथरत्या हाताने, तर कधी एकदम जोरात हात लावतो.

माझ्याकडे चाचणीसाठी येणाऱ्या बहुतेक कुत्र्यांबद्दल मालक हेच सांगतात, 'फार गरीब आहे, कोणी काहीही केलं तरी काही करत नाही.' त्यातले बरेच कुत्रे गप्प असतात ते त्यांनी सगळं सोसायचं ठरवलेलं असतं म्हणून. कान मागे, तोंड घट्ट मिटलेलं, अंग ताठ, नजर दुसरीकडे. लोकांना हा शहाणपणा वाटतो. मला अशा कुत्र्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण सोसण्याला कुठेतरी शेवट असतो आणि तो शेवट आजारी माणसाच्या खाटेवर यायला नको.

म्हणून पहिली चाचणी घरीच करा. तुमच्या लॅबने कधीच न पाहिलेल्या मैत्रिणीला बोलवा. तिला खुर्चीवर नुसतं बसायला सांगा. हाक नाही, बिस्किट नाही, हात पुढे करणं नाही. तुम्ही पट्टा सैल धरून आत या आणि थांबा. तो आपणहून तिच्याकडे जातो का? गेल्यावर नुसतं हुंगून परत फिरतो, की तिथे रेंगाळतो, अंग टेकवतो, डोकं मांडीवर ठेवतो? तिने कुरवाळणं थांबवलं की 'अजून' म्हणून नाकाने हात ढकलतो का? या शेवटच्या गोष्टीवर माझी फार भिस्त असते.

मग हेच काठी टेकत चालणाऱ्या माणसाबरोबर करा, व्हीलचेअरवर बसलेल्याबरोबर, तोंडाला मास्क लावलेल्याबरोबर. कोणाला तरी मोठ्याने खोकायला सांगा. आठ-दहा फुटांवर स्टीलचं ताट पाडा. तो दचकेल, दचकू दे. दचकून किती वेळात सावरतो आणि सावरल्यावर पुन्हा माणसाकडे वळतो का, ते महत्त्वाचं. दिवाळीत फटाक्यांना पलंगाखाली जाणारा कुत्रा या कामाला अजिबात चालत नाही असं नाही, पण ताट पडल्यावर दाराकडे धावणारा कुत्रा चालत नाही.

शिकवायचं फार थोडं असतं. पट्टा न ताणता शेजारी चालणं, 'बस', 'झोप', 'थांब', जमिनीवर पडलेली वस्तू 'सोड', आणि अंगावर उडी न मारणं. यातलं 'सोड' सगळ्यात आधी पक्कं करा, कारण वॉर्डात गोळ्या खाली पडलेल्या असतात, कापसाचे बोळे असतात. ब्रिटनमध्ये 'पेट्स ॲज थेरपी' ही संस्था 1983 पासून घरच्या कुत्र्यांना तपासून स्वयंसेवक म्हणून रुग्णालयांत पाठवते. त्यांच्याही परीक्षेत साध्याच गोष्टी असतात: सैल पट्ट्यावर चालणं, अंगभर हात फिरवू देणं, हातातून खाऊ हळुवार घेणं, अचानक आवाज झाल्यावर सावरणं. शेकहँड मात्र शिकवू नका, आणि आधीच येत असेल तर विसरायला लावा. म्हाताऱ्या माणसाची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. प्रेमाने उचललेल्या पंजाचं नख लागलं तरी सोलवटते, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते रक्त लवकर थांबत नाही.

जात कुठली, याला मी महत्त्व देत नाही. लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हर जास्त दिसतात, कारण माणसांच्या अंगाशी राहणं त्यांना बहुधा आवडतं. पण रस्त्यावरून घरी आणलेले देशी कुत्रेही हे काम उत्तम करतात. वय मात्र पाहावं. रुग्णालयीन संसर्गावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या 'शिया' या तज्ज्ञ संस्थेने 2015 मध्ये दवाखान्यातल्या प्राण्यांबद्दल मार्गदर्शन काढलं. त्यात कुत्रा किमान 1 वर्षाचा, शक्यतो 2 वर्षांचा असावा असं म्हटलं आहे. पट्टा 6 फुटांपेक्षा लांब नको, लांब-आखूड होणारा तर नकोच, आणि भेट एका तासाच्या आत संपवावी. तुमचा लॅब 4 वर्षांचा आहे, म्हणजे वय अगदी योग्य.

आता तुमच्याबद्दल, कारण या जोडीत निम्मं काम तुमचं आहे. वॉर्डात गेल्यावर तुमची नजर कुत्र्यावर हवी. हे वाटतं तितकं सोपं नाही. पेशंट बोलायला लागतात, स्वतःच्या लहानपणीच्या मोत्याची गोष्ट सांगतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि तुमचं सगळं लक्ष माणसाकडे जातं. नेमकं तेव्हाच कुत्रा काहीतरी सांगत असतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. समोर खाऊ नसताना ओठांवरून जीभ फिरवतो. मान वळवून डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दाखवतो. अंग ओलं नसताना झाडतो. उगाचच फरशी हुंगत बसतो. तुमच्या पायांमागे येऊन उभा राहतो. एरवी हळूच खाऊ घेणारा कुत्रा आज बोटांना दात लावतो. यातलं एखादं लक्षण एकदा दिसलं तर दोन पावलं मागे घ्या आणि त्याला श्वास घेऊ द्या. लागोपाठ दोन-तीन दिसली की हसतमुखाने निरोप घ्या आणि बाहेर पडा. पुढच्या खाटेवरचं मूल कितीही वाट पाहत असो. 'एवढ्या एकालाच भेटू' हा मोह कुत्रा घेऊन जाणाऱ्या मी मी म्हणणाऱ्या हँडलरनाही होतो. कुत्र्याला जायचं असेल तर जाता आलं पाहिजे. एकदा त्याला कळलं की आपण सांगितलेलं ही ऐकते, तर तो पुढच्या वेळी स्वतः ओढीने दवाखान्याच्या दाराकडे जातो.

एक भेट कशी चालते ते सांगते. पक्षाघातानंतर उजवा हात आखडलेले एक काका, फिजिओथेरपीच्या खोलीत. बोटं उघडायचा व्यायाम रोजचाच, आणि रोजचा कंटाळा. फिजिओथेरपिस्टने त्यांच्या तळव्याला पट्टीने एक मऊ ब्रश बांधला. मी माझ्या कुत्रीला त्यांच्या उजव्या बाजूच्या बाकावर, धुतलेल्या चादरीवर बसवलं. तिचं तोंड माझ्याकडे, पाठ काकांकडे. काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून तिच्या खांद्यावर ठेवला आणि ब्रश शेपटीच्या दिशेने ओढायला लागले. सुरुवातीला तो हात घसरून पडायचा. ती मागे वळून बघायची आणि परत तशीच बसायची. फिजिओथेरपिस्ट शेजारी उभं राहून कोपर किती सरळ होतंय ते पाहत होती आणि मोजत होती. काका मोजत नव्हते, ते कुत्रीशी बोलत होते. व्यायाम नेहमीपेक्षा जास्त झाला हे त्यांना फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर कळलं. अशा ठिकाणी उपचाराचं उद्दिष्ट फिजिओथेरपिस्ट ठरवते आणि नोंदही तीच ठेवते. आपण स्वयंसेवक फक्त कुत्रा योग्य जागी, योग्य अवस्थेत आणतो. आपली नेहमीची वॉर्डातली भेट याहून साधी असते, नुसती सोबत. दोन्ही चांगलं, पण साध्या भेटीला उपचार म्हणून मिरवू नये.

मग उपयोग किती? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या रुग्णालयातला, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास माझ्या आवडीचा आहे, कारण त्यात तुलना नीट केली आहे. हार्ट फेल्युअरचे 76 पेशंट, तीन गट. एकाला 12 मिनिटं स्वयंसेवक आणि कुत्रा भेटले, दुसऱ्याला फक्त स्वयंसेवक, तिसऱ्याला कोणीच नाही. कुत्रा भेटलेल्या गटात चिंता, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब आणि ताणाचं संप्रेरक एपिनेफ्रिन इतरांपेक्षा जास्त उतरलं. कॅनडात सॅस्कॅटूनच्या रुग्णालयात इमर्जन्सीमधल्या पेशंटना 10 मिनिटं कुत्रा भेटवला, तर त्यांनी स्वतः सांगितलेली वेदना कमी झाली. तो अभ्यास 2022 चा. पण 2018 मध्ये अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांतल्या, कर्करोग झालेल्या 106 मुलांचा अभ्यास आला. त्यात मुलांच्या चिंतेत कुत्रा भेटलेल्या आणि न भेटलेल्या गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. ताण कमी झाला तो आईवडिलांचा.

हा निष्कर्ष वाचून काही जण नाराज झाले. मला तो अगदी पटला. लहान मुलांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली आई पाहा. रिपोर्टची फाईल मांडीवर, मोबाईल चार्जिंगला, रात्रभर झोप नाही. मूल 'भूभू' म्हणून हसतं, आणि ते हसताना बघून त्या बाईचे खांदे खाली येतात. पुष्कळदा मूल खेळून झाल्यावर तीच खाली फरशीवर बसून कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवते आणि काही बोलत नाही. त्या वेळी मीही बोलत नाही. सिस्टरांचंही तसंच. औषधांची ट्रॉली ढकलता ढकलता अर्धा मिनिट थांबतात, कानामागे खाजवतात आणि पुढे जातात. त्यांच्यासाठीही वेळ राखून ठेवा.

पेशंटच्या जवळ जाण्याआधी विचारणं हे सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्याला दाराबाहेर ठेवून तुम्ही एकट्याने, किंवा सिस्टरांनी, आधी विचारायचं. आपल्याकडे रस्त्यावरचं कुत्रं चावल्याचा अनुभव घरोघरी आहे, रेबीजची धास्ती आहे आणि ती अगदी रास्त आहे. 'काही करत नाही हो तो' हे वाक्य भ्यालेल्या माणसाला कधीही म्हणू नका. काही मुस्लिम पेशंटना कुत्र्याची लाळ लागलेली चालत नाही. काही आज्यांची आंघोळ आणि जप झालेला असतो, त्या म्हणतात 'मी आपली लांबूनच बघते.' दारातून बघणं हीसुद्धा भेटच. उलट एक आजोबा मला आठवतात, दत्ताचे भक्त. त्यांनी कुत्रीला पाहताच आधी हात जोडले आणि मगच डोक्यावरून हात फिरवला. एका खोलीत चार खाटा असतील तर चौघांनाही विचारायचं. एकाने नको म्हटलं तर कुत्रा आत जात नाही, बाकीच्या तिघांना जमत असेल तर बाहेरच्या व्हरांड्यात भेटायचं.

स्वच्छतेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण रुग्णालयाच्या मनातली खरी अडचण हीच असते. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये रुग्णभेटीला जाणारे 102 धडधाकट कुत्रे तपासले, तर निम्म्याहून जास्त कुत्र्यांच्या विष्ठेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जुलाब करणारा जंतू सापडला. कुत्रे आजारी नव्हते. त्याच संशोधकांच्या पुढच्या कामातून दिसलं की जे कुत्रे पेशंटला चाटतात किंवा पेशंटच्या हातून खाऊ खातात, त्यांना असे जंतू जास्त लागतात. म्हणजे जंतू दवाखान्यातून कुत्र्याकडेही येतात, आणि तुमच्या घरी सोफ्यावर बसतात. म्हणून माझा नियम कडक आहे: चाटणं नाही आणि पेशंटच्या हातून खाणं नाही.

आपल्याकडे हे पाळणं कठीण जातं. प्रत्येक खाटेच्या कपाटावर पार्ले-जीचा पुडा असतो आणि प्रत्येक आजीला तो कुत्र्याला द्यायचाच असतो. आजींना नाही म्हणण्यापेक्षा काम द्या. 'आजी, त्याला बस म्हणा.' तो बसला की खाऊ माझ्या हातून, माझ्या पिशवीतला. आज्ञा आजींची, त्यामुळे त्याचा मान त्यांना मिळतो आणि त्या खूश होतात.

प्रत्येक पेशंटने भेटीच्या आधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, तुम्हीही. सॅनिटायझर बहुतेक वेळा पुरतो, पण क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. जुलाब चालू असलेल्या पेशंटकडे जायचंच नाही, आणि शंका असेल तिथे साबण-पाणी. खाटेवर कुत्रा चढवायचा असेल तर खाली प्रत्येक पेशंटसाठी वेगळी चादर किंवा वापरून टाकायचं अंथरूण हवं. सलाईन लावलेल्या बाजूने कधी जाऊ नका आणि पट्टा खाटेच्या दांडीला बांधू नका. जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्करोगाच्या मुलांबरोबर छोटा प्रयोग झाला. कुत्र्यांना आधी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शाम्पूने आंघोळ घातली आणि भेट चालू असताना दर काही मिनिटांनी त्याच औषधाच्या वाइपने पुसलं, तर एमआरएसए हा हट्टी जंतू मुलांमध्ये पसरण्याचं प्रमाण घटलं. कातडी कोरडी पडू नये म्हणून हा शाम्पू तुमच्या व्हेटना विचारून वापरा.

कच्चं मांस खाऊ घालत असाल तर हे काम नको. साल्मोनेलाचा धोका असतो, आणि 'शिया'च्या मार्गदर्शनातही गेल्या 90 दिवसांत कच्चं मांस खाल्लेल्या कुत्र्याला मनाई आहे. रेबीजची आणि बाकीच्या लसी तारखेला हव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची लस विसरून चालणार नाही, आणि साचलेल्या पाण्यातून फिरून आलेला कुत्रा त्या दिवशी वॉर्डात न्यायचा नाही. जंताचं औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, नखं कापून कानशीने घासलेली, आणि पंजाच्या गाद्यांमधले केस कापलेले. हे केस राहिले तर दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर कुत्रा घसरतो, आणि एकदा घसरला की त्याला ती जागाच नकोशी होते. फिनेलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत थांबा. ते पंजाला लागतं आणि मग तो पंजा चाटतो.

जिथे जायचंच नाही अशा जागा: आयसोलेशन, भाजलेल्यांचा वॉर्ड, उघड्या जखमा, बोन मॅरो प्रत्यारोपण, स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा. केमो चालू असलेल्यांचे 'काउंट' (रक्तातल्या पेशींची संख्या) कमी असतील तर नाही, आणि हा निर्णय डॉक्टर-सिस्टरांचा. ज्यांची प्लीहा (स्प्लीन) काढलेली आहे त्यांच्यापासूनही दूर राहा. कुत्र्याच्या लाळेत सहज आढळणारा कॅप्नोसायटोफॅगा हा जंतू त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

परवानगीचं वास्तव असं आहे. रुग्णभेटीच्या कुत्र्याला दवाखान्यात शिरण्याचा हक्क कुठेच नसतो. परदेशातही अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याला जी मुभा असते, ती याला नसते. हा पाहुणा आहे आणि यजमानाने बोलावलं तरच जातो. अमेरिकेत एलेन स्मिथ या नर्सने 1976 मध्ये न्यू जर्सीत 'थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल' सुरू केली, तेव्हापासून तिकडे स्वयंसेवकांच्या चाचण्या आणि नोंदणी यांची घडी बसत गेली. आपल्याकडे तशी सरकारी व्यवस्था नाही. त्यामुळे पैसे भरून ऑनलाइन मिळणाऱ्या 'थेरपी डॉग' प्रमाणपत्राला आणि जॅकेटला दवाखान्यात काही अर्थ नाही, त्यावर खर्च करू नका. मुंबईतून मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांनी सुरू केलेली 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' ही या क्षेत्रातली आपल्याकडची जुनी संस्था, आणि चेन्नईत 'ब्लू क्रॉस'ने 'डॉ. डॉग' कार्यक्रम चालवला. अशा संस्थेकडून शिकलात तर डॉक्टर तुमचं ऐकून घेतात. एकट्याने गेलात तर गेटवरचे सिक्युरिटीवालेच परत पाठवतात.

सुरुवात मोठ्या रुग्णालयापासून करू नका. आधी वृद्धाश्रम किंवा विशेष मुलांची शाळा गाठा. तिथे जंतूंचा प्रश्न कमी, आणि कुत्र्यालाही हळूहळू सवय होते. पहिल्या भेटी वीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका. एप्रिल-मे महिन्यांत फक्त सकाळी जा आणि त्याचं पाणी व वाटी घरून न्या. आत जाण्याआधी शी-शू उरकून घ्या. प्रत्येक भेटीनंतर वहीत लिहा: किती वेळ, कोणाला भेटलो, त्याने कधी तोंड फिरवलं, घरी येऊन किती झोपला. दुसऱ्या दिवशीही सुस्त असेल तर भेट लांबली असं समजा. काही महिन्यांची अशी वही घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे गेलात तर बोलण्याला वजन येतं. बरोबर फाईल असू द्या: महापालिकेचा परवाना, लसींचं कार्ड, व्हेटचं फिटनेस सर्टिफिकेट, विष्ठा तपासणीचा रिपोर्ट, आणि चावणं-ओरखडणं घडलं तर कोणी काय करायचं याचं एक पान. भेट त्यांच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीपुढे ठेवायची विनंती स्वतःहून करा. त्यांनी विचारण्याआधी तुम्ही विचारलंत की अर्धा विरोध मावळतो.

फोटो काढायचे नाहीत. पेशंटचे नातेवाईक काढतील, तो त्यांचा प्रश्न. तुम्ही पेशंटचा चेहरा, खाटेचा नंबर, आजाराचं नाव इन्स्टाग्रामवर टाकलंत तर तो दवाखाना तुम्हाला कायमचा बंद होईल, आणि व्हायलाच हवा.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी, सासऱ्यांचं जाणं अजून ताजं दिसतंय म्हणून. ज्या खाटेकडे कुत्रा सवयीने ओढत जातो ती खाट एखाद्या गुरुवारी रिकामी असते. सिस्टर नुसती मान हलवतात. शेजारच्या खाटेवरचा माणूस मात्र तुमच्याकडे बघत असतो आणि त्याला तुम्ही हसतमुख हव्या असता. हे आत्ता झेपेल का, याचा विचार शांतपणे करा. काही महिने थांबलात तरी बिघडत नाही. त्या काळात लॅबची खुर्चीवरची चाचणी, 'सोड'चा सराव आणि वृद्धाश्रमाच्या भेटी चालू ठेवता येतील. आणि रुग्णालयाने वॉर्डात नाही म्हटलं, तर तळमजल्यावरची बाग किंवा ओपीडीबाहेरचं अंगण मागा. व्हीलचेअरवरून खाली आणता येणारे पेशंट बरेच असतात, आणि मोकळ्या हवेत भेटायला कमिटी लवकर हो म्हणते.